नंबर कळला, माणूस कळला का?

भारतातल्या बँकेला परदेशातून फोन लावल्यावर असा अनुभव तुम्हाला कधीतरी आला असेल. कॉलेजात असताना बाबांच्या नावावर घेतलेलं सिम तुम्ही अजून ओटीपीसाठी जिवंत ठेवलंय. त्याच नंबरवरून फोन लागतो, आणि पलीकडची मुलगी बाबांचं नाव घेऊन विचारते, "मी आपली काय मदत करू शकते?" तुम्ही म्हणता, "अहो, मी त्यांची मुलगी बोलतेय." मग पाच मिनिटं नुसता खुलासा चालतो.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे. पण त्या मुलीने बाबांचं नाव आणलं कुठून, असा प्रश्न पडलाय कधी? तिने काहीच शोधलं नव्हतं. फोन वाजत असतानाच एका छोट्या प्रोग्रॅमने तुमचा नंबर उचलला, डेटाबेसमध्ये टाकला, आणि जे नाव सापडलं ते तिच्यासमोर ठेवलं. कॉल सेंटरवाले याला 'स्क्रीन पॉप' म्हणतात. पॉडकास्टमध्ये कॉल सेंटरबद्दल बोलताना हा विषय आम्ही दोन मिनिटांत उरकला होता. तो एवढ्यात उरकण्यासारखा नाही, म्हणून हा लेख.

हा प्रोग्रॅम कसा आखायचा, हे समजून घ्यायला आपण बँकेपासून जरा लांब जाऊ. कुवेतमध्ये, अम्गऱ्यात.

अम्गऱ्यातून आलेला फोन

अम्गरा हा कुवेत शहराच्या पश्चिमेकडचा, जहरा प्रांतातला औद्योगिक भाग. भंगाराची मोठी यार्डं, जुन्या गाड्यांचे सुटे भाग, गोदामं, बांधकामाचं सामान. काम करणारी माणसं बहुतेक बाहेरून आलेली: भारत, बांगलादेश, पाकिस्तान, इजिप्त. कुवेतला जाणं मराठी माणसाला नवीन नाही. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत काका, मामा किंवा आजोबा 'कुवेतला होते'.

आता कल्पना करा. संध्याकाळची वेळ. यार्डातल्या एका कामगाराला मदत-केंद्राला फोन करायचाय, कारण दोन महिन्यांचा पगार मिळालेला नाही. त्याच्या फोनमधला बॅलन्स संपलाय, म्हणून तो खोलीतल्या दुसऱ्याचा फोन घेतो. ते सिम त्या दुसऱ्याच्याही नावावर नाही, कंपनीच्या नावावर आहे. आणि गेल्याच आठवड्यात याच फोनवरून तिसऱ्या एकाने वेगळ्या कामासाठी याच केंद्राला फोन केला होता.

फोन वाजतो. एजंटच्या स्क्रीनवर कोणाचं नाव यायला हवं?

हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण त्यातली एकेक गोष्ट रोजची आहे. आणि इथे चूक झाली तर ती बँकेतल्या चुकीसारखी हसून सोडता येत नाही. समजा उद्या कंपनीचा मुकादम त्याच नंबरवरून फोन करतो. एजंट स्क्रीनवर बघून सहज म्हणतो, "हो, तुमची पगाराची तक्रार नोंदवली आहे." झालं. कामगाराने तक्रार केल्याचं मालकाला कळलं. ज्या देशात नोकरी आणि राहण्याचा परवाना दोन्ही मालकाशी, म्हणजे कफीलशी, बांधलेले असतात, तिथे या एका वाक्याची किंमत काय होऊ शकते, हे वेगळं सांगायला नको.

'पीपी नंबर' आठवतो का?

तुम्हाला आठवणार नाही, आईबाबांना विचारा. ज्या काळात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं रांग असायची, त्या काळात लोक अर्जावर, लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्यांचा नंबर द्यायचे आणि पुढे लिहायचे 'पीपी'. म्हणजे हा नंबर आमचा नाही, पण इथे फोन केलात तर आम्हाला बोलावतील. फोन करणाराही आधी विचारायचा, "जरा वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांना बोलवाल का?" नंबर आणि माणूस वेगळे असतात, हे चाळीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

यंत्रांनी मात्र दुसरंच गृहीत धरलं. अमेरिकेत ९११ या आणीबाणीच्या नंबरवर पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातल्या हेलीव्हिल गावात लागला. पुढे त्या सेवेत सुधारणा झाली आणि फोन आला की नंबरावरून पत्ता आपोआप दिसू लागला. लँडलाइनसाठी हे उत्तम होतं, कारण तार एका घरात जायची. नंबर म्हणजे जागा. मग मोबाइल आला. नंबर जागेपासून सुटला, आणि आपण सोयीने मानून टाकलं की नंबर म्हणजे माणूस.

अम्गऱ्यातला तो फोन जागाही सांगत नाही आणि माणूसही. तो पुन्हा पीपी नंबर झालाय. स्क्रिप्ट आखताना हे एक वाक्य डोक्यात पक्कं ठेवायचं: आपल्याला नंबर कळलाय, माणूस अजून कळायचाय.

स्क्रिप्ट म्हणजे नक्की काय

कॉल सेंटरमध्ये 'स्क्रिप्ट' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात, आणि त्यातून गोंधळ होतो. एक म्हणजे एजंटने बोलायची वाक्यं. दुसरी म्हणजे कॉलवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम. 'मॉनिटरिंग' म्हटलं की सुपरवायझर हेडफोन लावून ऐकतोय असं चित्र डोळ्यांसमोर येतं. इथे अर्थ तो नाही. हा प्रोग्रॅम बोलणं ऐकत नाही, तो फक्त कॉलची अवस्था बघतो: फोन आला, वाजतोय, उचलला, होल्डवर गेला, दुसऱ्याकडे दिला, बंद झाला. ॲस्टेरिस्कसारखी खुली टेलिफोन-प्रणाली वापरली तर ती या प्रत्येक टप्प्याला एक संदेश सोडते. तो संदेश आला की काय करायचं, हे आपण लिहून ठेवतो.

म्हणून आखणी करताना कोड लिहायच्या आधी एक कागद घ्या आणि प्रत्येक टप्प्यासमोर तीन गोष्टी लिहा: आत्ता आपल्याला काय माहीत आहे, काय शोधायचंय, आणि स्क्रीनवर काय दाखवायचंय. हे कंटाळवाणं काम आहे. पण सगळ्या चुका इथेच पकडल्या जातात.

पहिली पायरी: नंबर नीट वाचणं

सोपं वाटतं ना? आता हे बघा. भारतात मोबाइल नंबर दहा अंकी. कोणी तो पुढे शून्य लावून लिहितो, कोणी ९१ लावून, कोणी नुसता. म्हणून आपल्याकडच्या प्रोग्रॅमरांची जुनी सवय आहे: शेवटचे दहा अंक घ्या आणि जुळवा. भारतात हे चालून जातं.

कुवेतचे नंबर आठ अंकी आहेत. आधी सात होते. २००८ साली पुढे एक अंक लागला. देशाचा कोड ९६५. म्हणजे पूर्ण नंबर अकरा अंकी झाला: ९६५ ९××× ××××. आता त्याचे शेवटचे दहा अंक घ्या. पहिला ९ गळून पडतो आणि उरतं ६५९×××××××. भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे हा उरलेला तुकडा भारतीय मोबाइल नंबर म्हणून अगदी बरोबर दिसतो. तसा नंबर तुमच्या यादीत कोणाचा असेल, तर अम्गऱ्यातल्या माणसाचा फोन आला की स्क्रीनवर भारतातल्या कोणा अनोळखी बाईंची फाइल उघडेल. कुठेही एरर येणार नाही. सगळं सुरळीत चाललंय असंच वाटेल.

उपाय साधा आहे. नंबर साठवताना आणि जुळवताना पूर्ण आंतरराष्ट्रीय स्वरूपात ठेवायचा: अधिक चिन्ह, देशाचा कोड, मग नंबर. या जागतिक पद्धतीत जास्तीत जास्त पंधरा अंक बसतात. फोन कुवेतमधल्या स्थानिक लाइनवर आला आणि नुसते आठ अंक दिसले, तर 'कुठल्या लाइनवर आला' हे बघून ९६५ लावायचं. अंदाजाने काही कापायचं नाही, काही जोडायचं नाही.

आणखी एक खाच. नंबर लपवून आलेल्या किंवा इंटरनेटवरून आलेल्या कॉलमध्ये कधीकधी नंबरच नसतो. तिथे स्क्रिप्टने रिकाम्या जागेचा शोध घेतला, तर ज्या नोंदींत नंबर भरायचा राहिलाय त्या सगळ्या 'जुळतात', आणि त्यातली पहिली स्क्रीनवर येते. म्हणून नियम लिहून ठेवा: नंबर नसेल तर शोध नाही, कोरं कार्ड दाखवा.

दुसरी पायरी: तीन माणसं वेगळी ओळखणं

प्रत्येक फोनमागे तीन माणसं असू शकतात: ज्याच्या नावावर सिम आहे तो, जो बोलतोय तो, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो. बऱ्याच प्रणालींत या तिघांसाठी एकच चौकट असते, 'ग्राहक'.

१२ जून २०२४ ची कुवेतमधल्या मंगाफची आग आठवा. कामगारांच्या राहत्या इमारतीला पहाटे आग लागली. ४५ भारतीयांचे मृतदेह १४ जूनला हवाई दलाच्या विमानाने कोचीला आणले गेले. काहींची ओळख पटवायला डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला. भारतीय दूतावासाने तातडीने हेल्पलाइन सुरू केली होती. अशा हेल्पलाइनवर कोण फोन करणार? केरळातली बहीण, सौदीतला मेहुणा, गावातला सरपंच. त्यांचे नंबर कुठल्याच यादीत नसणार. ज्याची चौकशी करायची तो फोन करू शकत नाही, म्हणून तर फोन आलाय. अशा वेळी नंबरावरून नाव काढून देणारी स्क्रिप्ट काहीच कामाची नाही. तिथे हवी दुसरी चौकट: 'कोणाबद्दल विचारताय?', आणि त्याखाली नाव, गाव, कंपनी, पासपोर्ट किंवा सिव्हिल आयडी जे असेल ते. कुवेतचा सिव्हिल आयडी बारा अंकी असतो. तो हाताशी असेल तर नावाच्या स्पेलिंगचे घोळ वाचतात.

महाराष्ट्रातलं उदाहरण रोजचंच आहे. २०१४ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, सुरुवातीला ९३७ गाड्या आणि पुण्यात नियंत्रण कक्ष. रस्त्यावर अपघात झाला की १०८ ला फोन लावतो तो वाटसरू. रुग्ण वेगळा, फोन वेगळ्याचा. त्यामुळे स्क्रीनवर 'फोन करणारा' आणि 'रुग्ण' या दोन रकाने लागतात, आणि सगळ्यात वर एकच प्रश्न: कुठे?

अम्गऱ्यात हा 'कुठे' अवघडच. भंगाराच्या यार्डात ओळखीची खूण सांगायची म्हणजे काय, "गंजलेल्या ट्रकच्या मागे"? आणि तिथल्या आगीच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. कुवेतमध्ये पत्ता रस्त्याच्या नावापेक्षा भाग, ब्लॉक, रस्ता आणि प्लॉट असा सांगतात. शिवाय नागरी माहिती प्राधिकरणाने, म्हणजे 'पासी'ने, इमारतींना स्वतंत्र क्रमांक दिलेले आहेत. तेव्हा एजंटच्या बोलण्याच्या स्क्रिप्टमध्ये "पत्ता सांगा" एवढंच लिहून भागणार नाही. "दारावर किंवा भिंतीवर पासी नंबरची पाटी दिसते का?" हा प्रश्न हवा. प्रोग्रॅमच्या स्क्रिप्टमध्ये तो नंबर टाकायचा रकाना हवा. दोन्ही स्क्रिप्टा एकमेकींशी बोलल्या पाहिजेत.

तिसरी पायरी: काय दाखवायचं, काय झाकायचं

माझ्या मते पहिल्या पडद्यावर फार थोडं यावं. नंबर, कुठल्या लाइनवर आला, कोणत्या भाषेत आधी बोलणं झालं होतं, आणि 'या नंबरवरून आधी दोन फोन आले होते' एवढीच ओळ. 'हा अमुक आहे' असं नाही. 'या नंबरवरून' असं. शब्दातला हा फरक एजंटच्या तोंडी उतरतो. स्क्रीनवर नाव ठळक दिसलं की माणूस ते वाचतोच. एजंट वाईट असतो म्हणून नाही. त्याला घाई असते आणि नाव समोर असतं.

मग एजंटने नाव सांगायचं नाही, विचारायचं. "आपण अमुक बोलताय ना?" या प्रश्नाला कोणीही 'हो' म्हणू शकतो, आणि प्रश्नातच माहिती फुटते. "आपलं नाव आणि तक्रार क्रमांक सांगाल का?" असं विचारलं तर माहिती पलीकडून येते. दोन्ही जुळले, तरच पुढची फाइल उघडायची. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल २०१५ पासून आहे, तिथेही तक्रारीला स्वतःचा क्रमांक मिळतो. नंबर हरवतो, सिम बदलतं, पण तक्रार क्रमांक त्या प्रकरणालाच चिकटलेला असतो. शोधायची किल्ली तो असावा.

नंबराचा भरवसा न धरायला आणखी दोन कारणं आहेत. एक, फोनवर दिसणारा नंबर खोटा पाठवता येतो. तंत्र माहीत असणाऱ्याला ते जड नाही. दोन, नंबर पुन्हा वाटले जातात. भारतात बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. कुवेतला असलेल्या माणसाचं गावाकडचं सिम रिचार्जविना बंद पडलं, तर तो सुट्टीवर परत येईपर्यंत त्याच्या नंबरावर कोणी तिसराच बोलत असेल. म्हणून प्रत्येक जुळणीसोबत तारीख दाखवा: 'शेवटची खात्री १४ महिन्यांपूर्वी'. ते वाचलं की एजंट आपसूक सावध होतो.

चौथी पायरी: फोन तुटला तर?

स्वस्त कार्ड, कमी बॅलन्स, पत्र्याची शेड. फोन तुटतात. एजंटची स्वाभाविक प्रतिक्रिया म्हणजे लगेच परत फोन लावणं. पण थांबा. परत लावलेला फोन कोण उचलेल? फोनचा मालक? मुकादम? म्हणून बोलणं सुरू होताच विचारायचा एक प्रश्न आणि त्याचा एक रकाना: "या नंबरवर परत फोन केला तर चालेल का? किती वाजता?" हा रकाना कोरा असेल तर स्क्रिप्टने 'परत फोन करा' हे बटण दाबूच द्यायचं नाही. आग, अपघात, मारहाण असा आणीबाणीचा कॉल असेल, तर मात्र उलटं: ताबडतोब परत लावायचा. दोन्ही प्रकारांना एकच नियम लावला की कुठेतरी माणूस अडचणीत येतो.

कॉल एका एजंटकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा कॉलचा अंतर्गत क्रमांक आणि आतापर्यंतची टिपणं त्याच्यासोबत गेली पाहिजेत. नाहीतर पलीकडचा माणूस तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत बसतो, आणि त्याचं बॅलन्स तेवढ्यात संपतं. वेळेचंही गणित आहे. कुवेत भारतापेक्षा अडीच तास मागे आहे. उन्हाळ्यात, १ जून ते ३१ ऑगस्ट, दुपारी ११ ते ४ उघड्यावर काम करायला तिथे बंदी असते. म्हणजे कामगाराला निवांत फोन करता येईल अशी वेळ दुपारची, किंवा रात्री आठनंतरची. केंद्र पुण्यात असेल तर तेव्हा तिथे साडेदहा वाजलेले असतात. त्या पाळीत हिंदी, मराठी, मल्याळम, बंगाली बोलणारं कोणी नसेल, तर कितीही चांगली स्क्रीन असून उपयोग काय?

वापरण्याआधी घ्यायची परीक्षा

स्क्रिप्ट तयार झाली की फोन लावून बघायच्या आधी हे सहा प्रसंग कागदावर चालवून बघा:

१. नंबर आठ अंकी, पुढे कोड नाही.
२. नंबरच नाही.
३. एका नंबराखाली तीन वेगवेगळी माणसं.
४. नंबर जुळतो, पण बोलणारा मालक आहे आणि तक्रार कामगाराची.
५. फोन करणारी बहीण भारतात, माणूस कुवेतमध्ये.
६. डेटाबेस उत्तरच देत नाही.

सहाव्या प्रसंगाला माझं उत्तर असं: एका सेकंदात उत्तर आलं नाही तर कोरं कार्ड दाखवा आणि एजंटला बोलू द्या. पाच सेकंदांनी उशिरा आलेली माहिती मध्येच पडद्यावर उडी मारता कामा नये; तोवर बोलणं दुसरीकडे गेलेलं असतं. कोरं कार्ड बघून एजंट प्रश्न विचारतो. चुकीचं कार्ड बघून तो विचारायचंच विसरतो.

आणि कोणी कोणाची फाइल कधी उघडली, याची नोंद ठेवा. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा असो किंवा तुमच्यापैकी अनेकजण राहतात तिथला युरोपातला जीडीपीआर, दोन्हींचा गाभा सारखाच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरा. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

तुमच्यापैकी बरेचजण सॉफ्टवेअरमध्ये आहात. असं काम कधीतरी तुमच्या टेबलावर येईल. बँकेचं, हॉस्पिटलचं, कदाचित तुमच्या शहरातल्या मंडळाच्या मदत-क्रमांकाचं. तेव्हा डिझाइनच्या मीटिंगमध्ये हमखास कोणीतरी म्हणेल, "कॉल आला की ग्राहकाचं नाव मोठ्या अक्षरात दाखवूया, छान वाटतं." तेव्हा अम्गऱ्यातल्या त्या खोलीची गोष्ट सांगा: एक फोन, तीन माणसं, कंपनीच्या नावाचं सिम. आणि विचारा की या फोनला आपली स्क्रीन काय दाखवेल.

तोवर एक घरचं काम. बँकेत, गॅसला, विम्याला तुमच्या आणि आईबाबांच्या नावापुढे कोणाचा नंबर लागलाय ते या रविवारी बघून घ्या. जो बंद पडला असेल तो बदला. तुमच्या जुन्या नंबरावर आज कोण बोलत असेल, सांगता येत नाही.